वेगवेगळ्या जातींच्या आयरिसचा घरच्या बागेत संकर: कोणत्या जोड्या जमतात?

अबोली_मॅसॅच्युसेट्स

नमस्कार मंडळी. बॉस्टनच्या पश्चिमेला बाग आहे, झोन ६ (हिवाळ्याच्या थंडीवरून ठरवलेला अमेरिकेतला विभाग). वाफ्यांमध्ये सध्या हे आयरिस आहेत: उंच दाढीवाले (झुकलेल्या पाकळीवर केसांची दाढी असलेले, बहुतेक पिवळे), सायबेरियन 'सीझर्स ब्रदर' आणि 'व्हाइट स्वर्ल', ओलसर कोपऱ्यात इथलाच रानटी व्हर्सिकलर, आणि जपानी एन्साटाचे पांढरे व जांभळे वाण.

जपानी आयरिसचं ताटासारखं पसरट फूल पिवळ्या रंगात मिळवायचं आहे. एन्साटात पिवळा रंग मुळात नाही, म्हणून पिवळ्या दाढीवाल्याचे पराग एन्साटावर लावून पाहण्याचा विचार होता. पण अशा जोडीत अंडाशय आठवड्याभरात पिवळा पडून गळतो. माझे प्रश्न:

कोणत्या जाती एकमेकींशी जमतील हे आधीच कशावरून ठरवायचं? फुलायच्या वेळा जुळत नसतील तर पराग किती दिवस टिकतात? आणि व्हर्सिकलर मनानेच भरपूर बोंडं धरतो, मग त्यावर केलेला संकर खरा आहे की स्वपरागित (स्वतःच्याच परागाने धरलेला), हे कसं ओळखायचं?

---

माळीबुवा

अबोलीताई, दाढीवाला आणि बिनदाढीचा हे आयरिसचे दोन मोठे वंश फार पूर्वी वेगळे झालेले आहेत. त्यांच्यात घरच्या बागेत संकर होत नाही असंच धरून चाला. तिथे हातचलाखी सुधारून उपयोग नाही.

जोडी निवडताना दोन गोष्टी बघा. दोन्ही जाती एकाच गटातल्या आहेत का, आणि त्यांची गुणसूत्रं किती. तुमच्या बागेशी संबंधित आकडे असे: सायबेरियनच्या मूळ जाती सिबिरिका आणि सँग्विनिया प्रत्येकी २८, एन्साटा २४, पाणथळ जागेतला पिवळा स्यूडॅकोरस ३४, सेटोसा ३८, व्हर्जिनिका ७० ते ७२, व्हर्सिकलर १०८. दाढीवाल्यांत आजचे उंच वाण ४८ आणि बुटका प्युमिला ३२.

आकडे सारखे असले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. फुगडीला समोर जोडीदार लागतो, तसं पराग किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपल्यासारखं दुसरं लागतं. कॅलिफोर्नियाचा डग्लसियाना ४० चा आणि चीनचा क्रायसोग्राफिसही ४० चा. दोघांचा संकर होतो, फूलही सुरेख येतं, त्याला 'कॅल-सिब' म्हणतात. त्यातल्या 'मार्गोट होम्स' या वाणाला १९२७ मध्ये आयरिससाठी दिलं जाणारं इंग्लंडचं पहिलं डाइक्स पदक मिळालं. पण हे संकर जवळजवळ वांझ असतात, कारण एकीकडची २० गुणसूत्रं दुसरीकडच्या २० ना जोडीदार म्हणून नीट ओळखत नाहीत.

उलट उदाहरण उंच दाढीवाला आणि प्युमिला यांचं. ४८ आणि ३२, म्हणजे आकडे अजिबात जुळत नाहीत, तरी पिल्लं सुपीक. कारण उंच वाणाच्या पेशींत १२-१२ चे चार संच असतात, म्हणून त्याच्या परागात २४ म्हणजे दोन संच जातात. प्युमिलात ८-८ चे चार संच, परागात १६ म्हणजे तेही दोन. पिल्लाला २४ + १६ = ४० मिळतात आणि त्यात प्रत्येक संचाला स्वतःच्याच बाजूचा जोडीदार असतो. पॉल कुक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर याच जोडीतून 'ग्रीन स्पॉट'सारखे वाण काढले आणि तिथून प्रमाणित बुटक्या दाढीवाल्यांचा अख्खा वर्ग उभा राहिला. आज तो वर्ग आपसांत हवा तसा संकरता येतो. पण याच ४० वाल्यावर पुन्हा ४८ वाला लावलात तर ४४ चं पिल्लू येतं. त्यात १२ चे तीन संच आणि ८ चा एक एकटा. हे मध्यम उंचीचे दाढीवाले वाफ्यात फार देखणे दिसतात, पण बहुतेक बी धरत नाहीत.

म्हणून संकर करण्याआधी कागदावर संच मांडा. पिल्लू सुपीक होईल की त्या फुलावरच वंश थांबेल, हे बऱ्याच अंशी तिथेच कळतं.

आता तुमच्या बागेतल्या जोड्या. सिबिरिका × सँग्विनिया अगदी सोपी. बाजारातले '२८ चे सायबेरियन' मुळात याच दोघांच्या मिश्रणातून आलेले आहेत. फक्त वाण द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच) आहे की चतुर्गुणित (चार संच) हे आधी बघा. करियर मॅकइवन यांनी १९६० च्या दशकापासून कोल्चिसिन हे गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन वापरून चतुर्गुणित सायबेरियन तयार केले, त्यांच्यात ५६ गुणसूत्रं असतात. तुमचे दोन्ही जुने वाण द्विगुणित आहेत. ५६ वाल्यावर २८ वाल्याचे पराग लावले तर बोंड रिकामं निघण्याची शक्यता जास्त.

व्हर्सिकलर × व्हर्जिनिका हीसुद्धा जमणारी जोडी. 'जेराल्ड डार्बी' हा वाण त्यातूनच आलेला, काळपट जांभळे दांडे असलेला. एडगर अँडरसन यांनी १९३६ मध्ये मांडलं की व्हर्सिकलर स्वतःच व्हर्जिनिका आणि सेटोसा यांच्या जुन्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन तयार झाला असावा. ७० आणि ३८ ची बेरीज करून बघा, १०८ येते.

व्हर्सिकलर × एन्साटा होते, पण बी थोडं मिळतं आणि पिल्लू (५४ + १२ = ६६) बहुतेक वांझ. कॅनडात टोनी ह्यूबर यांनी या जोडीवर बरंच काम केलं, 'आंफां प्रोदिज' हा त्यांचा वाण. फूल मोठं, पसरट आणि झाड एन्साटापेक्षा काटक. पण यात पिवळा रंग येणार नाही.

पिवळ्यासाठी जपानी संकरकांनी जी वाट धरली ती स्यूडॅकोरस × एन्साटा. 'स्यूडाटा' म्हणतात ते हेच. स्यूडॅकोरस मादी आणि एन्साटा नर, अशीच दिशा ठेवावी लागते, उलट केलं तर सहसा बी भरत नाही. हिरोशी शिमिझू यांनी स्यूडॅकोरसचा 'गुबिजिन' हा वाण मादी म्हणून वापरला. त्याआधीच्या 'आइची नो कागायाकी' या वाणाची पानं वसंतात पिवळट पडतात. दोन परक्या जातींचे जनुक एकत्र आले की पानांचा हिरवेपणा कमी पडतो, हा या जोडीचा जुना दोष. 'गुबिजिन'मुळे तो बराच आटोक्यात आला. पाकळीच्या मधल्या पिवळ्या खुणेभोवती गडद काजळरेघ उमटते, तीच स्यूडाटाची ओळख.

पण मॅसॅच्युसेट्समध्ये स्यूडॅकोरस प्रतिबंधित वनस्पतींच्या यादीत आहे. तो पाणथळ जागा व्यापतो, बिया पाण्यावर तरंगून लांब जातात. तेव्हा मादी म्हणूनसुद्धा तो बागेत आणू नका. तयार स्यूडाटा घ्यायचा असेल तरी आधी राज्याच्या कृषी खात्याची यादी वाचा, संकरांना काय नियम लागतो ते बघा आणि मगच मागवा.

---

चिमटा_कुंचला

माळीबुवांनी जोड्या नीट सांगितल्या. मी हाताच्या कामाबद्दल लिहितो, कारण जमणाऱ्या जोड्याही पुष्कळदा इथेच फसतात.

आधी फुलाची रचना. तीन खाली झुकलेल्या पाकळ्या, तीन उभ्या पाकळ्या, आणि मध्ये पाकळीसारखेच दिसणारे तीन कुक्षीवृंत (फुलाच्या मादी भागाचे दांडे). प्रत्येक कुक्षीवृंताच्या खाली एक पुंकेसर लपलेला असतो. कुक्षी, म्हणजे पराग जिथे लागले पाहिजेत ती जागा, शोधताना नवखे फसतात. कुक्षीवृंताच्या टोकाला वर जे दोन कंगोरे उभे दिसतात ती कुक्षी नव्हे. त्या कंगोऱ्यांच्या बुडाशी, खालच्या अंगाला एक बारीक ओठ असतो. सायबेरियन आणि व्हर्सिकलरमध्ये तो त्रिकोणी जिभेसारखा, दाढीवाल्यांत आडवी कड. पराग तिथेच, आणि ओठाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे चिकट ओल जाणवते तिथे लागले पाहिजेत. कंगोऱ्यावर कितीही पराग थापले तरी काही होणार नाही.

मादी फूल: उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी निवडा, रंग पूर्ण दिसतोय पण पाकळ्या अजून गुंडाळलेल्या आहेत अशी. बोटांनी हलकेच उघडा, तिन्ही पुंकेसर चिमट्याने बुडातून ओढा आणि झुकणाऱ्या तिन्ही पाकळ्या तोडून टाका. ती पाकळी म्हणजे मधमाशीची उतरायची जागा, ती नसली की मधमाशी सहसा फिरकत नाही. व्हर्सिकलरच्या बाबतीत उशीर चालत नाही. तो स्वतःच्या परागाने सहज फळतो, आणि उमलेपर्यंत थांबलात तर परागकोश फुटलेले सापडतात.

नर फूल: सकाळी, दव सुकल्यावर, नुकतंच उमललेलं. परागकोश फुटून पूड सुटलेली दिसली पाहिजे. पुंकेसर चिमट्यात धरून थेट कुक्षीच्या ओठावर घासा, कुंचल्याची गरज नाही. कुंचला वापरायचाच तर प्रत्येक नरासाठी वेगळा, नाहीतर त्याच्या केसांत अडकलेला जुना पराग पुढच्या फुलात जातो. चिमटा दर फुलानंतर स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, स्पिरिटचा ओलावा राहिला तर परागच मरतात.

कुक्षी तयार झाली की ओठ कुक्षीवृंतापासून सुटून खाली वळतो आणि चकाकतो. बहुतेक जातींत हे उमलण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतं. तिन्ही ओठांवर पराग लावा. अंडाशयात तीन कप्पे असतात, एकाच ओठावर लावून भागवलं तर बी कमी भरण्याचा धोका राहतो.

मग अॅल्युमिनियम फॉइलची छोटी टोपी तिन्ही कुक्षीवृंतांवर सैलसर बसवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढा. पाऊस हा या कामाचा खरा शत्रू, कारण पाण्यात पराग फुगून फुटतात. पारा ३० अंशांच्या वर असेल तर दुपारी संकर करू नका, सकाळी दहाच्या आत उरका.

चिठ्ठी त्याच वेळी बांधा. आधी मादी, मग गुणिले, मग नर, खाली तारीख. पेन्सिलने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहिलेलं उन्हापावसात टिकतं, मार्करची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते. चिठ्ठी बोंडाच्या देठाला बांधा, दांड्याला नको. एकाच दांड्यावर पुढे तीन-चार बोंडं धरली की कोणतं कशाचं ते कळत नाही.

पराग साठवण: पुंकेसर कागदावर पसरून सावलीत एक दिवस वाळवा. मग ते कागदी पुडीत किंवा जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सुलमध्ये भरा, नाव-तारीख घाला, आणि पुड्या सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. फ्रीजमध्ये ४ अंशांवर काही आठवडे, फ्रीझरमध्ये पुढच्या हंगामापर्यंत चांगले राहतात. बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड परागांवर हवेतली वाफ धरते आणि वर्षभराची साठवण वाया जाते. सगळी बरणी एकदम बाहेर आणण्यापेक्षा लागेल तेवढी पुडी वेगळ्या छोट्या डबीत ठेवलेली बरी.

तुमच्याकडे व्हर्सिकलर जूनमध्ये फुलतो आणि एन्साटा जूनअखेर ते जुलै. व्हर्सिकलर मादी ठेवायचा असेल तर यंदाच्या जुलैतले एन्साटाचे पराग गोठवून पुढच्या जूनमध्ये वापरायचे. प्युमिलाचंही तसंच, तो उंच दाढीवाल्यांच्या कितीतरी आधी उमलून जातो.

---

अबोली_मॅसॅच्युसेट्स

माळीबुवा, चिमटा_कुंचला, दोघांचे मनापासून आभार. संचांचं गणित आता नीट कळलं. स्यूडॅकोरस बाद. व्हर्सिकलर मादी × एन्साटा नर असं ठरवते, आणि सोबत उंच दाढीवाला × प्युमिला.

एक राहिलंच: व्हर्सिकलरवर बोंड धरलं, बीही मिळालं, तरी ते स्वपरागित नाही याची खात्री कशी? आणि बोंड धरल्यापासून रोप वाफ्यात जाईपर्यंत काय काळजी घ्यायची?

---

बीजांकुर

खात्रीचं आधी. संकर करताना त्याच झाडावरच्या दोन-तीन कळ्या अशा ठेवा की पुंकेसर काढले, पाकळ्या तोडल्या, टोपी घातली, पण पराग लावलेच नाहीत. या कळ्यांवर बोंड धरलं तर तुमची पद्धत गळकी आहे, एकतर पुंकेसर उशिरा निघाले किंवा कीटक पोहोचले. त्या कोऱ्या कळ्या गळल्या आणि पराग लावलेल्या फुलांनी बोंड धरलं, तर विश्वास ठेवायला जागा आहे. हे करायला पाच मिनिटं लागतात, आणि न केल्यास संशय तीन वर्षं, पहिलं फूल येईपर्यंत सोबत राहतो.

दुसरा उपाय रंगाच्या खुणेचा. मादी म्हणून पांढऱ्या फुलाचा व्हर्सिकलर मिळाला तर उत्तम. त्यावर गडद जांभळा नर लावून आलेल्या पिल्लांनी जांभळी फुलं दिली, तर ती त्या नराचीच. स्वपरागित बहुतेक पांढरीच राहतील. नराच्या पानांच्या बुडाशी जांभळा डाग असेल तर ती खूण फुलाआधीच, रोप हातभर होण्याच्या सुमारास दिसते. तुमच्या एन्साटात तसा डाग असलेला वाण नसेल तर मात्र फुलापर्यंत थांबावं लागेल.

बीच्या संख्येवरूनही अंदाज येतो. दूरच्या जोडीत बोंडात मोजकंच, वेडंवाकडं बी असतं. व्हर्सिकलरचं बोंड टपोऱ्या, एकसारख्या बियांनी ठासून भरलेलं निघालं तर मला तरी तो संकर वाटणार नाही.

आता बोंड. पराग लागले असतील तर आठवड्याभरात अंडाशय हिरवा राहून फुगायला लागतो. सात ते दहा दिवसांत पिवळा पडला तर फलन झालेलं नाही. तिसरी एक अवस्था असते ती फार फसवी: बोंड टपोरं फुगतं, महिनाभर हिरवं राहतं आणि आत फक्त हवा. दूरच्या जोड्यांत गर्भ धरतो पण त्याला पोसणारा गर (भ्रूणपोष) वाढत नाही, म्हणून बी सुकून कागदासारखं होतं. असा गर्भ हिरव्या बोंडातून काढून बाटलीत अगारवर (जेलीसारख्या पोषक माध्यमावर) वाढवता येतो. कॉर्नेल विद्यापीठाचे एल. एफ. रँडॉल्फ यांनी १९४० च्या दशकात आयरिसवर हे काम केलं, आणि अमेरिकन आयरिस सोसायटी आंतरजातीय संकरांना जे रँडॉल्फ-पेरी पदक देते त्यात त्यांचंच नाव आहे. पण घरी निर्जंतुक हवेचा कक्ष नसेल तर बाटलीत गर्भाआधी बुरशी वाढते. सुरुवातीला या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा जास्त फुलांवर संकर करा.

बोंड साधारण बोटाच्या पेरापेक्षा मोठं झालं की त्यावर ऑर्गन्झाची बारीक जाळीची पिशवी चढवा आणि दांड्याला काठीचा आधार द्या. अमेरिकेच्या पूर्व भागात एका लहान पतंगाची अळी आयरिसच्या बोंडात शिरून आतलं बी खाते, सायबेरियनवर तिचा उपद्रव जास्त. बोंडावर बारीक भोक आणि भुसा दिसला म्हणजे ती आत आहे. कंद पोखरणारी आयरिस बोरर ही निराळी अळी. तिची अंडी जुन्या पानांवर हिवाळा काढतात, म्हणून शरद ऋतूत वाळकी पानं आणि दांडे काढून वाफ्याबाहेर टाका. कंपोस्टमध्ये घालू नका.

दाढीवाल्यांचं बोंड आठ-नऊ आठवड्यांत पिकतं, सायबेरियन आणि व्हर्सिकलरला दहा-बारा लागतात. टोक तपकिरी होऊन तडकायला लागलं की तोडा. त्याआधी तोडलेलं बी कोवळं असतं आणि साठवणीत आक्रसतं. बी कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते.

पेरणीआधी बी गार पाण्यात आठ-दहा दिवस भिजवा, रोज पाणी बदला. टरफलातली उगवण रोखणारी द्रव्यं त्यात काही प्रमाणात धुतली जातात. संकराचं बी थोडं असतं, म्हणून चहाच्या गाळणीत किंवा जुन्या मोज्याच्या तुकड्यात बांधून भिजवा, निसटून जात नाही. मग दोन पर्याय.

एक, नोव्हेंबरमध्ये कुंडीत पेरून बाहेर ठेवायचं. कुंडी किमान १५ सेंटिमीटर खोल, दोन भाग कुंडीमाती आणि एक भाग पेर्लाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे), बी एक ते दीड सेंटिमीटर खोल, वर बारीक खडीचा थर. कुंडी जमिनीत काठापर्यंत गाडा आणि वरून तारेची जाळी घाला. चिपमंक आणि खारी उकरायला टपलेल्या असतात. तुमच्याकडची थंडी उगवणीला पुरेशी आहे, एप्रिल-मेमध्ये अंकुर दिसतील.

दुसरा, फ्रीजचा. भिजवलेलं बी ओलसर (ओलंगच्च नव्हे) पेर्लाइटमध्ये मिसळून झिपच्या पिशवीत, ४ अंशांवर दहा ते बारा आठवडे. दर आठवड्याला पिशवी बघा. बुरशी दिसली तर बी धुऊन ताज्या पेर्लाइटमध्ये घाला. अंकुर पांढऱ्या टोकाने डोकावला की लगेच कुंडीत लावा. मला मोजक्या, मोलाच्या बियांसाठी हाच पर्याय पसंत आहे, कारण प्रत्येक बी डोळ्यांसमोर राहतं.

पहिल्या वसंतात सगळं उगवेलच असं नाही. आयरिसच्या बिया दुसऱ्या वर्षीही उगवतात, कधी जास्त संख्येने. कुंडी फेकू नका आणि दुसऱ्या हिवाळ्यातही बाहेरच ठेवा.

रोपांना तीन-चार पानं आली की हलवा. एन्साटाच्या पिल्लांना चुना अजिबात चालत नाही, मातीचा सामू (pH) ५.५ ते ६.५ ठेवा. लाकडाची राख टाकायची सवय असेल तर त्या वाफ्यात टाकू नका. पहिल्या काही आठवड्यांत रोपं कोलमडतात ती बहुतेक जास्त पाणी आणि कोंदट हवेने. वरचा थर थोडा सुकू द्या, खालून पाणी द्या. वाफ्यात २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी पहिलं फूल येतं. पहिल्या फुलावरून झाडाची किंमत ठरवू नका, दुसऱ्या हंगामात दांडा उंच होतो आणि फुलाची घडण पक्की होते.

---

वसुधा_पुणे

फार उपयोगी धागा. पण पुण्यात दाढीवाला किंवा सायबेरियन फुलतच नाही. इथे गच्चीवर असा काही संकर करता येईल का? की आम्ही नुसतं वाचायचं?

---

माळीबुवा

वसुधाताई, दाढीवाल्यांना आणि सायबेरियनना थंडीची झोप लागते, ती पुण्यात मिळत नाही. भारतात रानटी आयरिस आहेत ते हिमालयात, काश्मीरपासून सिक्कीमच्या क्लार्की जातीपर्यंत. त्यांनाही आपला उन्हाळा सोसवत नाही.

पण ब्लॅकबेरी लिली तुम्ही पाहिली असेल, शेंदरी ठिपकेदार फुलं आणि फळ उकललं की काळ्याभोर मण्यांसारख्या बिया. ती बेलामकँडा म्हणून विकली जायची, २००५ पासून तिची गणना आयरिस डोमेस्टिका म्हणून होते. भारतात ती बागांतून आहेच. तिची जोडीदारीण डायकॉटोमा, उत्तर चीन-मंगोलिया-सैबेरियाची. दोघींची गुणसूत्रं ३२ आणि इथे जोडीदार एकमेकांना ओळखतात, म्हणून पिल्लं सुपीक. केंटकीच्या सॅम्युएल नॉरिस यांनी हा संकर केला, त्यावरून या संकराला नॉरिसी म्हणतात. बाजारात नाव कँडी लिली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पिवळा, गुलाबी, जांभळा, पांढरा, ठिपक्यांसह आणि ठिपक्यांविना, अशी इतकी विविधता फुटते की एका पाकिटातल्या रोपांमध्येच निवडीला भरपूर वाव असतो.

पुण्यासाठी डायकॉटोमा आणण्याच्या मागे लागू नका, ती थंड मुलखातली आणि मुळात अल्पायुषी. कँडी लिलीचं बी आणा, आणि त्यातल्या आवडलेल्या रंगांचा डोमेस्टिकाशी किंवा आपसांत संकर करा. कुंडीला निचरा उत्तम हवा. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या किंवा काचेच्या आडोशाला घ्या, पाणी साचलं की कंद सडतो.

---

चिमटा_कुंचला

कँडी लिलीवर हात बसवणं नवख्यांना सोपं आहे, अबोलीताई, तुम्हीही ती लावाच. तिची फुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतात, म्हणजे बाकी आयरिस संपल्यावर. लवकर पेरलेलं बी बरेचदा त्याच वर्षी किंवा दुसऱ्या वर्षी फुलतं, त्यामुळे निवडीची फेरी झपाट्याने फिरते.

डोमेस्टिकाची कुक्षी पाकळीसारखी नसते. मध्ये एक बारीक दांडी आणि टोकाला तीन छोटे भाग, म्हणून पराग लावायची जागा शोधावी लागत नाही. वेळ मात्र सांभाळावी लागते. डोमेस्टिका सकाळी उमलते आणि संध्याकाळी पाकळ्या पिळून मिटते, फूल एकाच दिवसाचं. डायकॉटोमा दुपारी तीन-चारच्या सुमारास उमलते. ताजे पराग वापरायचे तर गाठ दुपारी उशिरापासून सूर्य मावळेपर्यंतच पडते. डोमेस्टिका मादी ठेवायची असेल तर पहाटे कळी उघडून तिचे पुंकेसर काढा, फुलाला जाळी घाला आणि डायकॉटोमा उमलली की लगेच पराग लावा. उलट करायचं असेल तर डोमेस्टिकाचे पराग सकाळीच काढून सावलीत कागदावर ठेवा, डायकॉटोमाची कळी दुपारी बारा-एकच्या सुमारास उघडून तिचे पुंकेसर काढा आणि तीननंतर लावा. कँडी लिलीची पिल्लं आई-बापांपैकी कोणाची वेळ पाळतील याचा नेम नाही, तेव्हा वहीत प्रत्येक झाडासमोर उमलायची वेळ लिहून ठेवा.

---

अबोली_मॅसॅच्युसेट्स

डोमेस्टिकाबद्दल माहीत नव्हतं, नक्की लावते. शेवटची शंका: व्हर्सिकलर × एन्साटाचं पिल्लू वांझ निघालं तर त्याच्यापुढे काहीच करता येत नाही का? कोल्चिसिनने सुपीक करता येतं असं वाचलंय.

---

माळीबुवा

येतं. बर्लिनचे टॉमस टांबर्ग यांनी गुणसूत्रं दुप्पट केलेल्या झाडांतून सिबिरिका आणि सेटोसाचे सुपीक संकर मिळवले. तत्त्व प्युमिलाच्या उदाहरणातलंच, प्रत्येक संच दुप्पट झाला की त्याला घरातलाच जोडीदार मिळतो. पण कोल्चिसिन पेशीविभाजन थांबवणारं जहाल विष आहे, त्वचेतून आणि श्वासातून बाधतं. घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते हाताळू नका.

वांझ पिल्लू तरीही वाया जात नाही. ते बी धरण्यात शक्ती घालवत नाही, म्हणून गड्डा जोमाने वाढतो. दर तीन-चार वर्षांनी, फुलं संपल्यावर किंवा ऑगस्टअखेर, गड्डा उपटून प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब ठेवून वाटा, पानं अर्धी छाटा आणि मूळ सुकू न देता लगेच लावा. वाण म्हणून नोंदवायचं असेल तर ते अमेरिकन आयरिस सोसायटीकडे होतं, कांद्यापासून वाढणारे सोडून बाकी सगळ्या आयरिसची आंतरराष्ट्रीय नोंद तीच ठेवते. आंतरजातीय संकराचा वर्ग वेगळा असतो. अर्जात आई-बाप लिहावे लागतात, म्हणून ती पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बी पेरताना कुंडीत आणि रोप हलवताना वाफ्यात, दोन्हीकडे सोबत गेली पाहिजे.

आणि पूर्ण वांझ ठरवण्याआधी पिल्लाचे पराग सुपीक नातेवाइकावर, म्हणजे तुमच्या व्हर्सिकलरवर लावून बघा. ६६ गुणसूत्रांच्या झाडात क्वचित एखादा पराग गुणसूत्रांचं विभाजन न होता सगळी ६६ घेऊन तयार होतो, आणि असा एखादाच पराग पुढची पिढी देऊ शकतो. त्यासाठी एक-दोन फुलं पुरणार नाहीत. हंगामभर जेवढी मिळतील तेवढी वापरा, सोबत बीजांकुर यांनी सांगितलेल्या कोऱ्या कळ्याही ठेवा, आणि मिळालेलं प्रत्येक बी, कितीही वेडंवाकडं दिसलं तरी, पेरा.